दांडी नसलेला पिंजरा

१

शहादेव माझ्या दारात आला तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. माणूस एरवी कडी वाजवून, खाकरून, चपला आपटून येणारा. त्या दिवशी तो नुसता उंबऱ्यात उभा राहिला.

"डॉक्टर, नवाब न्हाई."

"न्हाई म्हणजे? मेला?"

"मेला असता तर घावला असता की बे. पिंजरा बंद हाय, वरून खोळ घातलेली हाय, आन् आत पाखरू न्हाई."

मी डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, कोंबड्यांना लसी टोचल्या, म्हशींच्या शिव्या आणि त्यांच्या मालकांच्या लाथा खाल्ल्या, की उलटं, आता आठवत नाही. पण माजलगावच्या आमच्या पाखरगल्लीत मी डॉक्टरच. नाव त्रिंबक आहे हे पोस्टमनलाच तेवढं माहीत.

गल्लीचं नाव उगाच पडलेलं नाही. आमच्या लहानपणी इथे प्रत्येक ओसरीला पिंजरा टांगलेला असायचा. कुणाकडे हिरवा पोपट, कुणाकडे मैना, कुणाकडे तितर. पहाटे तितरं कोकलायला लागली की कारखान्याच्या भोंग्याची गरज नसायची. शाळेतून येताना आम्ही डोळे मिटून चालायचो आणि आवाजावरून कुणाचं घर आलं ते ओळखायचो. पुढे कायदा आला, देशी पाखरं पाळायला बंदी झाली. सरकारचं बरोबरच होतं, रानातली पाखरं रानातच शोभतात. आम्ही पिंजरे उघडले. पण पोपट उडून गेल्यावर त्या संध्याकाळी गल्ली जी गप्प झाली ती झालीच. माझी आई पुढे कितीतरी दिवस सवयीने एक मिरची बाजूला काढून ठेवायची.

उरली होती नाथाची कबुतरं आणि शहादेवचा नवाब.

नवाब आफ्रिकेतला पोपट, राखाडी, शेपटी लालभडक. साखर कारखान्यात फिटर असताना शहादेव मशीनचा पार्ट आणायला हैदराबादला गेला आणि पार्टासोबत हे पाखरू घेऊन आला. आता सरकारचा नवा नियम आला होता: असले परदेशी पक्षी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी नोंद करायची. पक्षी कोणता, कुणाच्या ताब्यात, आला कुठून, सगळं सांगायचं. आमच्याकडे ही बातमी उशिराच पोचली. शहादेवने धावपळ करून अर्जाची तयारी केली आणि वनखात्याची माणसं दुसऱ्या दिवशी पक्षी बघायला येणार होती.

"उद्या त्यांना काय दावू? रिकामा पिंजरा?" शहादेव म्हणाला. मग तो उंबऱ्यावरच खाली बसला. "नोंद गेली खड्ड्यात, डॉक्टर. माझ्या घरातला आवाज गेला."

हे बोलणं मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी साबण पुसला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो.

२

शहादेवच्या बायकोचा, विमलबाईंचा आवाज एके काळी अख्ख्या गल्लीच्या मालकीचा होता. खणखणीत, हसरा. मंगळागौरीला त्या गायला लागल्या की पुरुषमंडळी काही ना काही निमित्त काढून दाराशी घुटमळायची. मग घशाचा आजार झाला, ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. राहिली नुसती कुजबुज, तीही कान ओठांशी नेला तर कळणारी.

पण नवाबाकडे तो आवाज शिल्लक होता. त्याने सगळं त्यांच्याच तोंडून उचललेलं. "अवो, आलात का?" "दार लावा, मांजर येईल." "नाथाभावजी, कबुतरं आवरा तुमची!" आणि ते हसणं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा नवाब तसा हसला तेव्हा मी तिथे होतो, आणि सांगायला लाज वाटत नाही, मी परसात जाऊन रडलो. तेव्हापासून शहादेव दिवसभर पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. तो विचारायचा, नवाब बोलायचा. त्यांची लेक मोहिनी कपिलधारजवळच्या गावात दिलेली. ती रोज सकाळी फोन करायची आणि म्हणायची, "बाबा, फोन जरा पिंजऱ्यापाशी धरा."

मी घरात गेलो तेव्हा विमलबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान हलवून मला बसायला सांगितलं.

"काल नवाबाला शेवटचं कधी पाह्यलं?" मी शहादेवला विचारलं.

"दुपारी. जेवून मी माझा फोटो काढायला आन् अर्जाच्या कागदांच्या भानगडीला गेलतो. लाइनच लई. यायला दिवस मावळला. आलो तवा खोळ घातलेली व्हती, हिनंच घातली असंल. खोळ घातली का नवाब गप्प ऱ्हातो, मी बी छेडलं न्हाई. सकाळी खोळ काढली तर हे असं."

"रात्री कुणी आलतं? खुडबुड?"

"न्हाई. दार आतून बंद."

"वहिनी, तुमी काही ऐकलं?"

विमलबाईंनी ओठ हलवले. शहादेव लगेच म्हणाला, "ती काय ऐकणार? दमून झोपली व्हती." मीही मान डोलावून पुढे सरकलो.

पिंजरा खुंटीवरून उतरवून उजेडात आणला. दाराला तारेचा पीळ होता, नीट, दोन्ही टोकं आत वळवलेला. पाखरू स्वतः सुटलं तर मागे दार लावून जात नाही. मांजराने नेलं तर पिसं पडतात, रक्त पडतं. इथे दाण्याची वाटी भरलेली, पाणी जागच्या जागी. मग माझं लक्ष मधल्या भागाकडे गेलं.

पाखराला बसायला कडुनिंबाची जाड दांडी असायची तिथे. नवाबाने चोचीने कुरतडून कुरतडून मध्ये बारीक केलेली. ती नव्हती. दोन्ही बाजूंना ती अडकवायच्या तारा सोडवून बाजूला केलेल्या.

"शहादेव, दांडी कुठंय?"

त्याने खुर्चीखाली, कोपऱ्यात वाकून शोधलं; नव्हती. चोराला पोपट हवा असतो. त्याला चघळलेली काठी कशाला लागते?

३

गल्लीतून सरळ नाथाच्या माळवदावर गेलो. कारण उघड होतं. नाथाचा नवाबावर जुना राग. "कबुतरं आवरा" हे वाक्य पाखराच्या तोंडून दिवसातून शंभरदा ऐकायला कुणाला आवडेल? शिवाय नाथाचा पोपट त्या बंदीच्या वेळी गेला होता, आणि आपलं गेलं तेव्हा शहादेवचं राहिलं, ही गोष्ट तो चहा पिताना हमखास उकरून काढायचा.

नाथा खुराड्यापाशी बाजरी टाकत होता. कबुतरं त्याच्या खांद्यावर, डोक्यावर. आणि खुराड्याच्या चौकटीत खोचलेलं होतं एक लालभडक पीस.

नाथा माझा लंगोटीयार. आम्ही दोघांनी मिळून सिंदफणेच्या वाळूत होले बघत कितीतरी दुपारी घालवलेल्या.

"नाथा," मी म्हणालो, "हे पीस कुठलं?"

त्याने हातातली बाजरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझी अर्धी दाढी आठवली.

४

"मी चोरलं म्हणून आलास व्हय बे?" नाथा म्हणाला. "पीस आज खोचलंय का ते? बघ की, ऊन लागून कडंनं इटलंय. नवाबानं पिसं टाकली का वैनी एक मला धाडत्यात. लाल पीस असलं का ससाणा खाली उतरत न्हाई, असं माझा बाप म्हणायचा. खरं का खोटं म्हाईत न्हाई, पर बापाचं म्हणून ठेवतो."

पीस खरंच विटलेलं होतं. मी खाली बसलो. नाथाने चहा मागवला, म्हणजे मला माफ केलं.

"आन् त्यो नवाब मला हात लावू देतो व्हय?" त्याने अंगठा पुढे केला. नखाशेजारी जुना व्रण होता. "शहादेव आन् वैनी सोडून तिसऱ्याचा हात आत गेला का ह्यो परसाद. चोर आला असता तर गल्ली जागी झाली असती, चोराच्याच वरडण्यानं."

"दांडी पण गेलीय, नाथा."

नाथाचा पेला ओठांशी थांबला. आम्ही दोघेही गल्लीतले, दोघांनाही एकदमच आठवलं. बैल विकला तर दावं घरी ठेवायचं, बैलाबरोबर घराची बरकत जाऊ नये म्हणून. पण पाखरू दुसऱ्या घरी दिलं तर त्याची दांडी सोबत द्यायची. नव्या दांडीवर पाय ठरत नाही, पाखरू झुरतं, खाणं सोडतं. आमच्या गल्लीत पाखरू देताना कुणी पिंजरा देईल न देईल, दांडी दिल्याशिवाय राहायचं नाही. लेकीबरोबर आपण उशी देतो तसंच.

"म्हंजे चोरी न्हाईच," नाथा हळू म्हणाला. "कुणीतरी दिलाय त्याला."

"आन् दिलाय ते आपल्यापैकीच. बाहेरच्याला दांडीचं काय कळतंय?" मी म्हणालो. "काल दुपारी तू इथंच व्हतास?"

"मी दुसरीकडं कुठं असतो? कुणी आलं न्हाई गल्लीत. बाजाराचा दिस, समदी बाजारात. वैनी तेवढ्या दुरडी घेऊन चालल्या व्हत्या. वर फडकं, आन् जड असल्यागत दोन्ही हातानं धरलेली. मी म्हणलं देऊ का पोचवून, तर मान हलवून गेल्या."

हे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी बीडची बस धरायच्या घाईत होतो, कारण बीडला शिकवणारा शहादेवचा मुलगा युवराजही याच गल्लीत वाढलेला होता आणि बापाशी त्याचं पाखरावरून वाजलं होतं. शिवाय बीडला पाखरं विकणारा एक दुकानदार होता, त्यालाही विचारायचं होतं.

५

दुकानदाराचं नाव विजयसिंह. रंगीत चिमण्या, मासे, सशांची पिल्लं विकतो. मध्यंतरी शहादेवकडे येऊन नवाबाला मागून गेला होता. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि हसला.

"काका, नोंद नसलेला असला पक्षी आता माझ्या दुकानात म्हणजे घरात निखारा ठेवल्यासारखं आहे. मला घ्यायचाच असता तर मी नोंदणी होऊ दिली असती आणि मग रीतसर मागितला असता. नोंदणी तोंडावर आली असताना तो पळवणारा मूर्ख कोण?"

त्याचं म्हणणं मला पटलं. आणि त्यातच खरा प्रश्न होता. नोंदणीच्या तोंडावरच का?

युवराज कोचिंग क्लासच्या जिन्यात भेटला, हाताला खडूची पूड. बातमी ऐकून तो खरंच घाबरला.

"काका, मीच बाबांशी भांडलो होतो, नोंद न करता ठेवलात तर नोटीस येईल म्हणून. पण नंतर सगळं मीच मोबाइलवर भरायला घेतलं ना! मी कशाला नेऊ?"

"भरताना काही अडचण आली?"

"अडचण कसली. फक्त आईबाबांना नीट समजावलं. एकदा बाबांच्या नावावर चढला की पक्षी तुमच्याकडे. उद्या कुणाला द्यायचा म्हटलं तर परत सरकारला कळवा, परत माहिती द्या. बाबा म्हणाले, मला कुठं द्यायचाय? मरेपर्यंत ह्याच घरात राहील."

"आन् आई काय म्हणाली?"

"आई काय म्हणणार?" युवराज म्हणाला, आणि घंटा झाली म्हणून वर पळाला.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. वडवणी गेलं, तेलगाव आलं, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागे बस रखडली. आणि त्या धुळीत मला माझाच प्रश्न ऐकू आला: "वहिनी, तुमी काही ऐकलं?" आणि त्यावर शहादेवचं उत्तर. नाथाला मी विचारलं, त्याने सांगितलं. दुकानदाराला विचारलं, त्याने सांगितलं. युवराजने सांगितलं. एका माणसाचं उत्तर मात्र मी ऐकलंच नव्हतं, आणि ते राहून गेलंय हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. नवाबाला हात लावू शकणारी माणसं दोनच. त्यातला शहादेव दुपारभर बाहेर. खोळ घातली विमलबाईंनी, म्हणजे पिंजरा रिकामा आहे हे त्यांना ठाऊक असणारच. पाखरू रात्री गेलंच नव्हतं, ते खोळ घालण्याआधी गेलं होतं. बाजारातून येताना दुरडी जड असते, जाताना नाही. झाकलं की नवाब गप्प बसतो, खोळीखाली काय आणि दुरडीच्या फडक्याखाली काय. आणि रोज सकाळी न चुकता येणारा मोहिनीचा फोन? मी तिथे असेपर्यंत तो वाजला नव्हता. नवाब तिच्याच ओसरीवर असेल तर ती फोन कशाला करील? आणि विमलबाई संध्याकाळी घरीच होत्या, म्हणजे लेकच इथवर न्यायला आली असणार.

कोणी ते कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. आपलाच आवाज कोणी घराबाहेर काढतं का?

६

गल्लीत शिरलो तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. शहादेव रिकाम्या पिंजऱ्यासमोर त्याच खुर्चीत बसलेला. विमलबाई आत तांदूळ निवडत होत्या. मी सरळ आत गेलो, त्यांच्यासमोर पाटावर बसलो आणि वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला. इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदा केलं.

"वहिनी, फोनवर कुजबुजून मोहिनीला एसटी स्टँडवर बोलावलं व्हतं ना?"

सूप थांबलं. त्या हसल्या. आवाज नव्हता, पण हसणं तेच होतं.

"दांडीमुळं कळलं?" त्या कुजबुजल्या. "ती ठेवली असती तर चोरी वाटली असती. म्हाईत व्हतं मला. पर पाखराचा जीव तुटला असता, डॉक्टर. ते माझ्याच्यानं झालं न्हाई."

"पर कावून, वहिनी?"

त्या बराच वेळ बोलल्या. मधे थांबत, श्वास घेत. सकाळी उठल्यापासून हे त्याच्याशी बोलतात, त्या म्हणाल्या. मी चहा देते तर मान वर करत न्हाईत. मी काय म्हणलं तर म्हणतात, ऱ्हाऊ दे, तुला तरास व्हतो. आन् पाखराला म्हणतात, बोल, विमल, बोल. माझं नाव त्याला दिलंय. युवराजनं सांगितलं, एकदा नोंद झाली का पाखरू मरेपर्यंत इथंच. मग मला वाटलं, मी बी मरेपर्यंत अशीच बसायची का, कोपऱ्यात?

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही.

"मोहिनीला त्यो आवाज आठवणीला पायजे. ह्यांना माझ्या जागंवर पायजे. मी हाय की अजून."

दारात सावली पडली. शहादेव उभा होता. त्याने काय ऐकलं, किती ऐकलं, कोण जाणे; पण पाखरू विमलबाईंनीच दिलं एवढं त्याला कळलं होतं.

"तू दिलास?" त्याचा आवाज चढला. "त्या पाखरावर जगत व्हतो मी! कावून दिलास?"

विमलबाईंचे ओठ हलले. शहादेवने सवयीने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणती रं?"

मला राग आला. त्याचा आला आणि माझाही आला, कारण सकाळी मीही त्यातलाच होतो. "मी सांगणार न्हाई," मी उठलो. "माझ्या जागंवर बस, वाक, आन् तूच विचार. तिचं तिला सांगू दे."

तो कुरकुरत खाली बसला. गुडघे वाजले. त्याने मान वाकवली, कान पुढे केला, आणि त्याचा गाल तिच्या गालाला लागला. मी बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली. शहादेवने त्यांना सांगितलं, पक्षी लेकीकडे आहे, तिच्याच नावावर नोंद करा, तिकडचा पत्ता हा घ्या. ती भली माणसं होती, त्यांनी चहा घेतला आणि युवराजला फोनवर काय काय बदलायचं ते सांगितलं. मोहिनीच्या नावाने रीतसर अर्ज गेला.

शहादेव मग बरेच दिवस ओट्यावर दिसला नाही. गल्ली पुरती गप्प झाली होती. खरं सांगतो, मला त्या आवाजाची फार आठवण यायची. संध्याकाळ झाली की कान आपोआप तिकडे लागायचा. शेवटी एकदा तो दूध घेऊन येताना सापडला. डोळे तारवटलेले, तरी चेहरा उजळलेला.

"काय रे, बरा हायस ना?" मी विचारलं. "करमतं का नवाबाबिगर?"

"करमायला सवड कुठंय, त्रिंबक?" तो म्हणाला. "लई बोलती ती. समदं साठवून ठिवलं व्हतं. वाकून वाकून मान आखडली बघ माझी."

आणि थांबला नाही. दूध हिंदकळत तसाच घराकडे गेला, कारण ती वाट बघत होती.